पाच गावं आणि दोन तास

प्रति,
महाराष्ट्रातून युरोपच्या सहली काढणाऱ्या सर्व लहानमोठ्या पर्यटन कंपन्यांचे चालक

सप्रेम नमस्कार.

मी चिपळूणची. ३४ वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आता निवृत्त आहे. इटलीचा बूट फळ्यावर इतक्या वेळा काढलाय की अजूनही हातात खडू दिलात तर न बघता काढून दाखवीन. तो बूट प्रत्यक्ष पाहायला मिळाला २०१९ च्या मे महिन्यात, तुमच्यापैकीच एका कंपनीबरोबर. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. परत आल्यावर हौसेने आणखी चार-पाच कंपन्यांची पत्रकं मागवली, जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडली, आणि लक्षात आलं की चिंक्वे तेर्रेच्या प्रश्नाला सगळ्यांनी एकमेकांच्या वहीत बघून उत्तर लिहिलंय. इतकी वर्षं पेपर तपासलेत, कॉपी ओळखता येते. म्हणून हे पत्र सगळ्यांनाच.

आधी नावाचं सांगते. चिंक्वे म्हणजे पाच. इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर, लिगुरिया प्रांतात, ला स्पेत्सिया शहराजवळ डोंगर थेट समुद्रात उतरतो आणि त्या उतारावर पाच गावं चिकटून बसली आहेत: मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रियोमाज्जोरे. आमचा टूर मॅनेजर शेवटपर्यंत 'सिंक टेरी' म्हणत होता. पोराचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्याकडे ४२ माणसं, एक झेंडा आणि एक घड्याळ होतं, आणि तो बिचारा फक्त घड्याळाचं ऐकत होता.

तो दिवस असा गेला. पहाटे साडेपाचला फोन वाजवून उठवलं, सहाला बॅगा खाली. बसने ला स्पेत्सिया, तिथून लोकल गाडी. रियोमाज्जोरेचं स्टेशन डोंगराच्या एका बाजूला आणि गाव दुसऱ्या बाजूला, मधे पायी जायचा बोगदा. त्या बोगद्यातून आम्ही ४२ जण झेंड्यामागे निघालो, समोरून असाच एक कोरियन झेंडा येत होता. दोन झेंड्यांची कोंडी सुटेपर्यंत दहा मिनिटं गेली. गावात पोहोचल्यावर निम्मी मंडळी स्वच्छतागृहाच्या रांगेत लागली आणि तिथेच त्यांचं रियोमाज्जोरे संपलं. मग गाडीने दोन-तीन मिनिटांवरचं मानारोला. तिथे ५० मिनिटं. त्याच दिवशी बसने उत्तरेकडे जायचं होतं. युरोपात ड्रायव्हरने साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबावंच लागतं, त्यामुळे संध्याकाळी हायवेवरच्या एका पेट्रोल पंपावर आम्ही ४५ मिनिटं काढली. म्हणजे मानारोलाला ५० आणि पंपाला ४५. मी मुद्दाम डायरीत टिपून ठेवलंय.

पाच गावं सांगून दोन दाखवली, म्हणजे ४० टक्के. आमच्याकडे ३५ ला पास करतात, तेव्हा तुम्ही काठावर पास आहात.

पण खरी गंमत पुढे आहे. पत्रकात 'लव्हर्स लेन' होती. रियोमाज्जोरे आणि मानारोला या दोन गावांच्या मधे कड्याच्या पोटातून, समुद्राच्या डोक्यावरून जाणारी जेमतेम एक किलोमीटरची वाट, विया देल्लामोरे, प्रेमाची वाट. आमच्या ग्रुपमधलं एक नवं जोडपं तिच्यासाठी खास एकाच रंगाचे टी-शर्ट घालून आलं होतं. मॅनेजरने आम्हाला एका बंद फाटकापाशी नेलं आणि म्हणाला, इथेच फोटो काढा. ती वाट सप्टेंबर २०१२ मध्ये दरड कोसळून चार पर्यटक जखमी झाले तेव्हापासून बंद होती. जवळजवळ सात वर्षं बंद असलेली वाट आमच्या पत्रकात व्यवस्थित चालू होती. त्या जोडप्याने फाटकाला टेकून फोटो काढला. दुसरं काय करणार!

२०२४ च्या ऑगस्टमध्ये ती वाट सगळ्यांसाठी उघडली. कड्यावर जाळ्या ठोकल्या, वेगळं तिकीट लावलं, वेळ ठरवून सोडतात. तेव्हा तुमची पत्रकं आता आपोआप खरी झाली आहेत. अभिनंदन, पण त्यात तुमचा हात नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, ती तक्रार नाही, कबुली आहे. त्या दिवशी दुपारी आम्हाला पुलावाचे डबे वाटले. बसायला जागा नव्हती, म्हणून आम्ही रियोमाज्जोरेच्या एका गल्लीतल्या पायऱ्यांवर ओळीने बसलो. खात असताना खालून एक म्हातारी बाई आली, हातात भाजीची पिशवी. ती थांबली. आम्हाला वाटलं, आपल्याकडे बघतेय, म्हणून आमच्यातल्या एकीने हसून 'नमस्ते' केलं. मग कळलं की आम्ही तिच्या दारात बसलोय. आम्ही सरकलो, ती आत गेली, दार लागलं, आणि आम्ही परत पसरलो. पुलाव बरा होता.

पाच वर्षांनी, सप्टेंबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात, मी आणि आमचे हे परत गेलो. मुलगी सध्या तुरिनला असते, तिने तिकिटं काढली आणि मानारोलात तीन रात्री एक खोली घेतली. ह्यांचा गुडघा तोवर आणखी कुरकुरायला लागला होता, तरी आम्ही गेलो. या पत्रातलं जे पुढे आहे ते त्या तीन दिवसांतलं. ते तुमच्या ५० मिनिटांत दिसणं शक्य नव्हतं, हे मी मान्य करते.

पहिल्या खेपेला मी तिथली घरं पाहिली होती. गुलाबी, पिवळी, विटकरी, हिरव्या झडपांची. सगळे तेच पाहतात, फोटोत तेच येतं. दुसऱ्या खेपेला मान वर केली तर घरांच्या मागे डोंगरभर पायऱ्या पायऱ्यांचे मळे दिसले आणि प्रत्येक पायरीला दगडाचा बांध. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड बेतून बसवलेला. अहो, हा तर आपला गडगा! आमच्या परड्याला आजोबांनी घातलेला गडगा अजून उभा आहे, फक्त तो जांभ्याचा आणि कमरेएवढा. इथे माणसाच्या उंचीचे गडगे, एकावर एक, समुद्रापासून डोंगराच्या माथ्यापर्यंत, शेकडो वर्षं घातलेले. सगळे सलग मांडले तर हजारो किलोमीटर भरतील. आणि गावातल्या वाटा म्हणजे निव्वळ पाखाड्या, दगडी पायऱ्यांच्या वाटा. गुहागर-दापोलीकडच्या माणसाला तिथे कुणी काही समजावून सांगायची गरज नाही, पाय आपोआप ओळखतात.

युनेस्कोने १९९७ मध्ये या किनाऱ्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं ते मुख्यतः या डोंगरासाठी: माणसाने हाताने घडवलेला डोंगर म्हणून. दोन वर्षांनी, १९९९ मध्ये, राष्ट्रीय उद्यान केलं. २०१८ मध्ये असे कोरडे गडगे घालण्याची कलाही आठ देशांच्या नावाने युनेस्कोच्या यादीत गेली, त्यात इटली आहे. तुमच्या पत्रकात 'युनेस्को' हा शब्द आहे, पण खाली चित्र घरांचं आहे. प्रश्न एक आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं.

गडग्याचं काम काय असतं ते भूगोलाच्या बाईंना विचारा. तो माती धरतो आणि पाणी सोडतो. पाऊस पडला की पाणी दगडांच्या फटींतून पाझरून हळूहळू खाली जातं. सिमेंटची भिंत पाणी अडवते, मागे दाब वाढतो आणि एक दिवस भिंतच खाली येते. पण गडगा दरवर्षी बघावा लागतो. एक दगड निसटला की तो लगेच परत बसवायचा, नाहीतर पुढच्या पावसात दहा जातात. म्हणजे गडग्याला माणूस लागतो, आणि माणसाने तिथे राहायचं तर त्या पायरीवर पिकणाऱ्या वस्तूला भाव लागतो.

तिथे पिकतात मुख्यतः द्राक्षं. आम्ही गेलो तेव्हा काढणी चालू होती. उतार इतका उभा की तिथे ट्रॅक्टर सोडा, बैलही जाणार नाही. पूर्वी बायका डोक्यावरून टोपल्या वाहायच्या. आता डोंगरात ठिकठिकाणी एकाच रुळावर दात्यांनी चढणारी छोटी गाडी बसवली आहे, तिच्यावर क्रेट लादतात आणि ती फटफट करत खाली येते. माणसाला बसायला जेमतेम एक आसन, स्कूटरसारखं. आमचे हे त्या गाडीकडे ज्या नजरेने बघत होते ती नजर मी लग्नानंतर प्रथमच पाहिली. काही घड निवडून वाऱ्यावर, सावलीत सुकत ठेवतात, जवळजवळ मनुका होईपर्यंत, आणि मग त्याची गोड, मधाच्या रंगाची वाइन करतात. नाव शाक्केत्रा. छोटी बाटली, मोठी किंमत. ढीगभर द्राक्षांतून थोडीशीच निघते, म्हणून. मी घोटभर चाखली. (चिपळुणातल्या नातेवाइकांनी हे वाक्य वाचलं नाही असं समजावं.)

आता २५ ऑक्टोबर २०११ बद्दल. त्या दिवशी दुपारी काही तासांत या डोंगरावर एवढा पाऊस झाला की वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो चिखलात गाडली गेली. वेर्नात्सात तीन आणि मोंतेरोस्सोत एक माणूस गेला. वेर्नात्साचा मुख्य रस्ता मुळात ओढ्यावर स्लॅब टाकून केलेला, त्या ओढ्याला वाट मिळाली नाही तेव्हा तो रस्त्यावरूनच आला, गाड्या, दगड, दुकानं सगळं घेऊन. चिखल पहिल्या मजल्याला लागला. रियोमाज्जोरेचा बाजाररस्ताही असाच झाकलेल्या ओढ्यावर आहे, गावाच्या नावातच ओढा आहे, रियो. त्या वर्षी ते वाचलं.

वेर्नात्साच्या त्या रस्त्यावर उभी राहून मी बराच वेळ भिंतीकडे बघत होते. मुलीने विचारलं, काय शोधतेस? मी पाण्याची रेघ शोधत होते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत पहिल्या मजल्याला लागलं होतं. आमच्या ओळखीच्या दुकानांत अजून ती रेघ आहे, काहींनी मुद्दाम रंगवली नाही. चिखलाचा वास जायला किती महिने लागतात हे ज्याने काढलाय त्यालाच ठाऊक. वेर्नात्सातल्या माणसांनीही फावड्यांनी तो काढला आणि पुढच्या हंगामापर्यंत गाव उभं केलं.

त्या डोंगरावरचे कितीतरी मळे गेल्या साठ-सत्तर वर्षांत ओसाड पडलेत. तरुण मंडळी ला स्पेत्सियाला कारखान्यात, गोदीत गेली, पुढची पिढी पर्यटनात गेली. पडीक मळ्याचा गडगा ढासळतो आणि वरची माती पावसाबरोबर गावात उतरते. म्हणजे ज्या रंगीत घरांचा फोटो तुम्ही पत्रकावर छापता, ती घरं उभी राहायची तर त्यांच्या मागच्या डोंगरावर कुणीतरी दगड रचत राहिलं पाहिजे. आणि पाची गावांत मिळून साडेतीन हजारांच्या आसपास माणसं उरली आहेत. आपल्याकडची एखादी मोठी सोसायटी. त्यांच्या दारात वर्षाला लाखोंनी माणसं येतात.

त्या लाखांतले आपण ४२ तिथे काय ठेवून आलो? मी हिशेब केला. प्रत्येकी एक आइस्क्रीम, कुणी फ्रिजवर चिकटवायचं चुंबक, स्वच्छतागृहाचा एक युरो आणि पुलावाचे डबे. डबे म्हणजे रिकामे डबे. पार्कचं, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचं, कार्ड घेतलं असेल तर त्यातले पैसे वाटांच्या दुरुस्तीला जातात, तेवढंच काय ते पुण्य. द्राक्षवाल्याला आमच्याकडून दमडी मिळाली नाही.

इथे माझ्याच अंगावर येणारी एक गोष्टही लिहून टाकते. राहणारा पाहुणा नेहमी चांगला आणि दिवसाचा वाईट, असं सरळ गणित नाही. मानारोलात आम्ही घेतलेल्या खोलीच्या दाराला आकडे फिरवून उघडायची किल्लीची डबी होती. मालकिणीचं तोंडही पाहिलं नाही. गल्लीत चालताना मी मोजायला लागले, तर दर तीन-चार दारांमागे अशी एक डबी. गावातली माणसं खाली ला स्पेत्सियात राहायला जातात आणि घर भाड्याने लावतात, कारण द्राक्षांपेक्षा खोलीला भाव जास्त. म्हणजे त्या डोंगरावरचा माणूस कमी करण्यात माझाही तीन रात्रींचा वाटा आहे. म्हणून ४२ जणांना मानारोलात उतरवा असं मी म्हणणार नाही. मावणारही नाहीत.

मग करायचं काय? माझ्या मते लेवांतो. मोंतेरोस्सोच्या पलीकडचं स्टेशन, गाडीने पाच मिनिटं. बऱ्यापैकी मोठं गाव, सपाट, वाळूचा किनारा, सहलीला पुरतील अशी हॉटेलं. तिथे दोन रात्री ठेवा. सकाळी आठच्या आत गाडीत बसवा, किंवा दुपारी चारनंतर न्या, जेव्हा बोटींनी आणि क्रूझवरून आलेली गर्दी परत फिरते. संध्याकाळी सहानंतरचं मानारोला निराळंच असतं. तिथे बंदर एवढंसं आहे की होड्या खेचून वर रस्त्यात लावतात, आपल्याकडे स्कूटर लावतात तशा. त्या होड्यांच्या मधे खुर्च्या येतात, म्हातारी मंडळी येतात. आमचे हे वर चर्चसमोरच्या चौकात बसायचे. तिथला घंटेचा मनोरा चर्चपासून वेगळा, समोरच्या बाजूला एकटाच उभा आहे, कारण पूर्वी त्याच्यावरून समुद्रातल्या चाच्यांवर नजर ठेवत. ह्यांना इटालियन येत नाही, त्यांना मराठी येत नाही, पण गुडघा ही भाषा दोघांना येत होती. तिसऱ्या संध्याकाळी एका आजोबांनी ह्यांना आपली काठी टेकून दाखवली, कुठल्या हातात धरायची ते.

गुडघ्यावरून आठवलं. पत्रकात पायऱ्या लिहा. कोर्निल्या हे एकच गाव समुद्रापासून शंभरेक मीटर उंच कड्यावर आहे, त्याला बंदर नाही, बोट तिथे थांबत नाही. स्टेशनवरून गावात जायला ३८० च्या घरात पायऱ्या आहेत, नाहीतर छोटी बस, जी सुटली की पुढच्या बसची वाट बघायची. तुमच्या सहलीत साठीच्या पुढची माणसं निम्मी असतात. त्यांना नाश्त्याला काय मिळेल हे तुम्ही तीन ओळींत सांगता, मग पायऱ्यांचा आकडा एका ओळीत सांगायला काय जातं? ज्यांना नाही जमणार त्यांच्यासाठी लेवांतोतच एक सुंदर सोय आहे. रेल्वेचा जुना मार्ग बंद झाला तेव्हा त्याच्या बोगद्यांतून चालायची आणि सायकलची सपाट वाट केली, ती समुद्राकाठाने बोनास्सोला आणि फ्रामुराकडे जाते. बोगद्यातला गारवा, मधेच उजेडाची खिडकी आणि खिडकीत निळं पाणी. कोकण रेल्वेने जाताना हेच दिसतं, फक्त इथे आपण आपल्या पायांनी जातो आणि कुठेही थांबता येतं.

चपलांचंही सांगा. डोंगरातल्या वाटांवर साध्या चपला, स्लिपर घालून गेलं तर पार्कवाले दंड करू शकतात. आपल्या बायका साडीवर चप्पल घालून निघतात आणि मॅनेजर फाटकाशी पोहोचल्यावर सांगतो.

आता जेवण, म्हणजे तुमचा हुकमी मुद्दा. लोकांना भारतीयच लागतं, असं तुम्ही म्हणाल. लागतं, मला माहीत आहे, मीही मेतकूट घेऊन गेले होते. पण लिगुरियासारखा प्रांत शाकाहारी माणसाला इटलीत शोधून सापडणार नाही. तिथे फरिनाता म्हणून एक पदार्थ आहे: हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. मोठ्या तांब्याच्या थाळ्यात पातळ ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. बेसनाचं धिरडंच ते, फक्त भट्टीत भाजलेलं. आमच्या ह्यांनी तीन दिवस तेच खाल्लं आणि वर म्हणाले, हिरवी मिरची घातली असती तर बरं झालं असतं. पेस्तो ही तिथलीच चटणी, आणि तिच्यातली पानं कुठली माहीत आहेत? ज्या झाडाचं बी आपण सब्जा म्हणून फालुद्यात घालतो, त्याच झाडाची. कुटून, त्यात लसूण, चिलगोज्यासारख्या बिया, चीज, तेल. वळलेल्या छोट्या शेवयांबरोबर त्यात बटाटा आणि फरसबी घालून देतात. मात्र त्यातलं पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने जमवतात, तेव्हा कडक शाकाहाऱ्यांना आणि लसणामुळे जैन मंडळींना आधी सांगावं. तुमचे मॅनेजर 'प्युअर व्हेज आहे' म्हणून मोकळे होतात.

मासे खाणाऱ्यांसाठी मोंतेरोस्सोच्या आंचोव्ही. आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा, मिठात खारवून ठेवतात किंवा ताजा लिंबात मुरवतात. लिंबंही तिथलीच, मोसंब्याएवढी. एका जेवणापुरतं तरी त्या गावात चाळीस जणांना चार-पाच खाणावळींत वाटून बसवा. बिलात माणशी 'कोपेर्तो' लावतात, बसायचे पैसे. तेही आधी सांगून ठेवा म्हणजे आपली माणसं तिथे भांडत बसणार नाहीत. वाटून मात्र द्याच. ४२ माणसं एकदम एका गल्लीत सोडली की तिथे दुसरं कुणी चालू शकत नाही, आणि तुम्हालाही कुणी ऐकू येत नाही. दहा-दहाचे गट करा, प्रत्येकाला वेगळं गाव, संध्याकाळी हॉटेलवर सगळे आपापलं गाव दुसऱ्यांना सांगतील. शाळेच्या सहलीत आम्ही हे करत होतो आणि आमची मुलं तुमच्या प्रवाशांपेक्षा जास्त वांड होती.

तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. गिऱ्हाईकच विचारतं, आठ दिवसांत किती देश? शेजारच्यांना सहा मिळाले, आम्हाला पाचच का? शाळांच्या सुट्ट्या मेमध्ये, म्हणून मे. एक रात्र वाढवली की माणशी खर्च वाढतो आणि समोरची कंपनी तेवढ्याच पैशात स्वित्झर्लंड जास्तीचं देते. आम्ही गिऱ्हाईकंही काही धुतल्या तांदळासारखी नाही. २०१९ ला परत आल्यावर मीच सगळ्यांना सांगत होते की मी पाच गावं पाहिली.

पण तिकडचे लोकही आता दारं आवळायला लागलेत. व्हेनिसने २०२४ मध्ये गर्दीच्या दिवसांत दिवसभरासाठी येणाऱ्यांना पाच युरो प्रवेशशुल्क लावलं. याच लिगुरियाच्या किनाऱ्यावरच्या पोर्तोफिनोत २०२३ मध्ये काही जागी रेंगाळायला मनाई केली, फोटोसाठी वाट अडवली तर २७५ युरोपर्यंत दंड. चिंक्वे तेर्रेतही गाडीचं तिकीट आता गर्दीच्या दिवसांत महाग असतं. 'फोटो स्टॉप' या धंद्याचे दिवस तसेही भरत आलेत. तेव्हा दोन रात्री द्यायच्या नसतील, तर चिंक्वे तेर्रे पत्रकातून काढून टाका, खरंच. त्याऐवजी अर्धा दिवस जेनोव्हाजवळच्या कामोलीला न्या. तिथेही समुद्र आहे, उंच रंगीत घरं आहेत, आणि त्या घरांच्या भिंतींवर खोट्या खिडक्या, खोटी नक्षी, खोटे सज्जे इतके हुबेहूब रंगवलेत की हात लावून बघावंसं वाटतं. आमच्या ह्यांनी लावला.

तुमची पुढच्या वर्षीची पत्रकं दिवाळीच्या सुमारास येतात. मी मागवणार आहे. इटलीचं पान आधी उघडीन, लाल पेन घेऊन.

आपली,
चिपळूणची एक निवृत्त भूगोल शिक्षिका

ता. क. रियोमाज्जोरेतल्या त्या पायऱ्या मी २०२४ मध्ये शोधून काढल्या. दार तेच आहे, हिरवं. त्याला आता किल्लीची डबी आहे.